बुवा गातात, अक्का चालतात

"डाव्या बाजूनं बोलू नगासा पावणं, तिकडं कुणी ऱ्हात न्हाई."

हे शामराव काचेच्या बरण्या विकायला आलेल्या एका माणसाला सांगत होते. शामराव म्हणजे आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागाचे शिपाई. त्यांच्या मते ते कुजबुजत होते, पण कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मलाही ते ऐकू आलं. तो माणूस गोंधळून टेबलाला वळसा घालून उजवीकडे गेला आणि म्हणाला, "मॅडम, नमस्कार." टेबलाशी बसलेल्या, आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी मान वर केली. आधी समोरच्या माशांच्या टाकीकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग दाराकडे, आणि शेवटी अगदी शेजारी उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "सापडलात. बोला आता."

मी त्या विभागात तेव्हा नवीन होते. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. शाळा सगळी कॉन्व्हेंटमध्ये झालेली. कॉलेजात आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं होतं की मी इंग्रजीत बोलले तर मागच्या बाकावरून खोकल्याचे आवाज येतात, आणि मराठीत बोलले तर मुली मी परगावाहून आलेली पाहुणी असल्यासारखं माझ्याशी हळूहळू, सोपं करून बोलायला लागतात. त्यावर मी माझ्यापुरता उपाय काढला होता. बोलायचंच नाही. हजेरीला हात वर करायचा, प्रॅक्टिकलला मान हलवायची. शामरावांचं ते वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, या खोलीत आपली सोय आहे. दुसऱ्या दिवसापासून मी मॅडमच्या टेबलाच्या डाव्या बाजूचं स्टूल धरलं.

तिथे बसून काहीही पुटपुटलं तरी चालत असे. "मॅडम, तुमच्या पदराला बेडकाची पिन लावलीय," असं मी एकदा म्हटलं होतं. खरोखरच त्या पदराला डिसेक्शनची पिन लावत. कॉलेजातल्या आतापर्यंतच्या माझ्या वाक्यांमध्ये हे सगळ्यांत लांब होतं, आणि ते कुणालाही ऐकू गेलं नाही. मला फार बरं वाटलं.

मॅडमचा डावा कान लहानपणी गालगुंडं झाली तेव्हा गेला. उजवा मात्र इतका तिखट की बंद दारापलीकडे कुणी जर्नल बघून उतरवत असेल तर पानांच्या आवाजावरून त्यांना कळायचं. एक कान गेला की माणूस निम्मा बहिरा होतो, असं मला वाटत असे. तसं नसतं. बंद कानाशी पुटपुटलेलं सोडलं तर त्याला सगळं ऐकू येतं, फक्त ते कुठून येतंय हे कळत नाही. मॅडम गडहिंग्लजच्या पलीकडल्या, सीमेवरच्या गावच्या. लहानपणी लपंडाव खेळताना लपलेली मुलं "कुकू" करायची आणि या नेमक्या उलट्या दिशेला धावायच्या. "माझ्यावरचं राज्य दिवेलागणीपर्यंत संपायचं नाही," त्या सांगत. "शेवटी पोरं आपापल्या घरी जेवायला निघून जायची आणि मी गोठ्यात शोधत असायची." हे सांगताना त्या मनापासून हसत. मला मात्र त्या गोठ्यातल्या मुलीचं पुढे काय झालं असेल, असा प्रश्न पडायचा.

रस्ता ओलांडणं हा त्यांचा रोजचा तमाशा होता. हॉर्न ऐकू आला की त्या जिथे असतील तिथे थांबत आणि दोन्ही बाजूंना दोन हात करून उभ्या राहत. कोल्हापुरात गंगावेशीत संध्याकाळी धारोष्ण दुधासाठी म्हशी आणून बांधतात, त्या गर्दीतही त्या तशाच उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात काकड्यांची पिशवी, मागे म्हैस आणि पुढे ट्रक. ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "ओ बाई, सत्कार घ्यायला उभारलायसा काय हितं?"

"तू कुठल्या बाजूनं येणार तेवढं सांग," मॅडम म्हणाल्या, "मग हलते."

"मी तुमच्या म्होरं हाय की."

"मग मागं कोण वाजवतंय?"

"मागं म्हस हाय. तिला हॉर्न न्हाई."

मॅडमनी मान डोलावली, त्याचे आभार मानले आणि निघून गेल्या. काकड्या किड्यांसाठी होत्या.

त्यांच्याकडे रातकिडे होते. विभागाच्या मागे पत्र्याची एक खोली होती. पूर्वी तिथे जनरेटर असायचा. त्या खोलीत बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत, तोंडाला मलमल बांधून, खाली वाळू आणि अंड्यांचे पुठ्ठे घालून त्यांनी रातकिड्यांचं गोकुळ वसवलं होतं. नराला त्या बुवा म्हणत, कारण तो गातो, म्हणजे पंखावर पंख घासून वाजवतो. मादी गात नाही. ती त्या गाण्याच्या दिशेनं चालत जाते. मादीला त्या अक्का म्हणत. त्यांच्या गावाकडे घरोघरी अक्का असत, आणि मॅडमच्या मते सगळ्या गावाला कुठे काय चाललंय ते आधी अक्कांना कळायचं. "बुवा गातात, अक्का चालतात," हे वाक्य दर वर्षी नव्या वर्गाला एकदा ऐकायला मिळे. त्यावर मुलगे हसत, मुली खाली बघत, आणि मॅडम कशाचीही दखल न घेता फळ्याकडे वळत.

एकदा त्या काडेपेटीत एक बुवा घालून स्टाफ मीटिंगला गेल्या होत्या. का, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मीटिंगच्या मध्यावर बुवांनी सूर लावला. पुढचं शामरावांच्या तोंडून ऐकावं. "सगळे सायब टेबलाखाली. ह्यो म्हणतोय हिकडं हाय, त्यो म्हणतोय तिकडं हाय. प्रिन्सिपल सायब कपाटामागं वाकल्यात. आणि बाई आपल्या च्या पीत बसल्यात." शेवटी प्रिन्सिपल वैतागून म्हणाले, "मॅडम, तुमचा किडा आहे, तुम्ही शोधा." मॅडम म्हणाल्या, "सर, एका कानाच्या बाईला काय सांगताय? तुम्ही सगळे दोन-दोन घेऊन बसलाय."

बुवा निघाले त्यांच्याच पर्समधून. पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी हीच गोष्ट शिकवायला घेतली.

"तुमचे दोन कान एकमेकांपासून किती लांब? वीतभर. डावीकडून आवाज आला की डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला जरा उशिरा, आणि मध्ये डोकं आडवं येतं म्हणून जरा दबून. एवढ्याशा फरकावर मेंदू सांगतो, डावीकडं बघ. तरी काल एवढे शिकलेले लोक टेबलाखाली गेले. आता आमच्या अक्का बघा. बोटाच्या पेराएवढं अंग, मुगाएवढं डोकं. आवाज दोन्ही बाजूंना जवळजवळ एकदमच पोचणार, आणि सारखाच मोठा. मग फरक करायचा कशावर?"

"मिशांवर, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं.

मॅडमनी डावीकडच्या भिंतीकडे बघत उत्तर दिलं, "मिशा तुलाही फुटल्यात. तुला त्यांनी ऐकू येतं काय?"

वर्ग हसला. मग त्यांनी दारावरचा जाड पडदा ओढून घेतला. एका मुलाला पडद्याच्या बाहेर उभं केलं आणि आत उभी राहायला मला बोलावलं. मला बोलायचं नव्हतं, फक्त ढकलायचं होतं, म्हणून मी गेले. दोघांनी एकाच वेळी सारख्या जोरानं ढकललं तेव्हा पडदा मध्येच ताठ उभा राहिला. मी जरा उशिरा ढकललं तेव्हा तो आधी माझ्याकडे आला आणि मग मागे गेला.

"हा अक्कांच्या कानाचा पडदा," मॅडम म्हणाल्या. "आणि कान कुठं? पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. एका पायातून वर छातीत आणि तिथून दुसऱ्या पायात अशी हवेची नळी गेलीय. छातीच्या दोन्ही अंगांनाही तिला तोंडं आहेत. म्हणजे आवाज पडद्याला बाहेरून लागतो आणि अंगातून फिरून आतूनही लागतो. दोघांनी एकदम ढकललं तर पडदा गप्प. मागंपुढं झालं तर हलला. अक्का जरा वळल्या की एका पायातला पडदा जास्त हलतो, दुसऱ्यातला कमी. जिकडचा जास्त हलला, तिकडं चालायचं. आपल्यासारखं मोठं डोकं नसलं, तर असं सगळं अंग कामाला लावावं लागतं."

ऐकू येणं वेगळं आणि कुठून येतंय ते कळणं वेगळं, असं त्या नेहमी म्हणत. त्यांच्या तोंडून त्यात कसलीच तक्रार ऐकू येत नसे. सगळ्यांनाच ठाऊक असावी अशी ती एक गोष्ट असल्यासारख्या त्या बोलत.

त्या पत्र्याच्या खोलीत त्या काय करतात ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचं सगळं वागणं एकदम समजलं. खोलीत काळ्या फरशीवर शामराव चहाच्या गाळणीनं रांगोळी पसरत. इतकी पातळ, की फुंकर मारली तर उडावी. दोन कोपऱ्यांत कापडाआड दोन स्पीकर ठेवलेले. मध्यभागी उपडी वाटी आणि वाटीखाली अक्का. एका स्पीकरमधून बुवांची टेप सुरू करायची आणि दोरीनं वाटी उचलायची. अक्का थांबत, पुढचे पाय टेकत, जरा डावीकडे वळत, जरा उजवीकडे, आणि मग चालायला लागत. रांगोळीवर बारीक नागमोडी रेघ उठायची ती थेट वाजणाऱ्या स्पीकरपर्यंत. मॅडम उकिडव्या बसून ती रेघ बघत. रस्त्यावर दोन हात करून उभी राहणारी बाई इथे कधीच गोंधळत नसे. आवाजाची दिशा त्यांना कानांनी कधी कळली नव्हती. इथे ती डोळ्यांना दिसत होती.

आणि हीच खोली जाणार होती.

विभागप्रमुख सर वाईट नव्हते. मत्स्यशास्त्राचा नवा अभ्यासक्रम सुरू व्हायचा होता, टाक्या ठेवायला जागा हवी होती, आणि पत्र्याची खोली तेवढी मोकळी दिसत होती. मार्चमध्ये विद्यापीठाची समिती येणार होती. सर मॅडमना म्हणाले, "तुम्ही समितीला हे दाखवा. त्यांच्यासमोर किडे चालले, तर संशोधन चालू आहे असं मी लिहितो आणि खोली तुमची. नाही चालले तर माझ्या हातात काही नाही, मॅडम." मॅडम भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. घरमालकानं एका बुवांच्या गाण्यावरून त्यांना आधीच नोटीस दिली होती. ही खोली गेली असती तर किडे सोडून द्यावे लागले असते आणि काम तिथेच थांबलं असतं. त्यांनी हे कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्या शामरावांना रांगोळी दोनदा चाळायला सांगू लागल्या.

टेप आम्ही राधानगरीला केली होती. कोल्हापुरात केलेल्या टेपमध्ये बुवांपेक्षा एसटी जास्त ऐकू यायची. पाऊस संपून थंडी सुरू झाली होती. शाली गुंडाळून आम्ही तिघं दिवस मावळताना धरणाकडच्या रस्त्याला एका बांधावर उभे होतो. शामरावांच्या खांद्याला टेपरेकॉर्डर, मॅडमच्या हातात माईक. चहूकडून किडे ओरडत होते आणि मॅडम त्या आवाजाच्या मधोमध हरवल्यासारख्या उभ्या होत्या.

"मला इथं काही उपयोग नाही," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आज तू माझे कान. बोलू नकोस, नुसतं दाखव."

हे मला जमण्यासारखं होतं. मी डोळे मिटले, मान थोडी इकडे, थोडी तिकडे केली. एक आवाज जवळचा होता, सावकाश, प्रत्येक ठोका सुटा, थंडीनं आखडल्यासारखा. मी बोट केलं. चार पावलं गेलो, पुन्हा थांबलो, पुन्हा बोट केलं. एका दगडाच्या फटीत बुवा होते. मॅडमनी माईक पुढे केला आणि अगदी हळू माझ्या खांद्यावर थाप मारली. तशी शाबासकी मला शाळेत कुणी दिली नव्हती. शाळेत शाबासकी नेहमी बोलणाऱ्यांना मिळायची.

त्या थंडीत ती टेप लावली की अक्का चालत. नेमानं, ओढीनं चालत. शामराव म्हणायचे, "बाई, ह्या तर पोस्टमनपेक्षा बऱ्या. पत्ता चुकत न्हाईत."

इथे एक पुढची गोष्ट सांगून टाकते, कारण मॅडम आठवल्या की मला तीच आधी आठवते. वर्षभरानंतर आम्ही एका अक्कांच्या डाव्या पायातल्या कानावर मेणाचा थेंब बसवला. एक कान बंद. टेप सुरू केली. अक्का उजवीकडे वळल्या, आणखी उजवीकडे वळल्या, आणि गोल-गोल फिरत राहिल्या. रांगोळीवर वेढ्यांवर वेढे पडले. मॅडमनी त्या अक्कांना वेगळ्या डब्यात ठेवलं आणि रोज टेपसमोर आणलं. रोज वेढेच. मग एका सकाळी वेढे जरा सैल झाले. नंतर लांबट झाले. अक्का थोडं फिरत, थांबत, अंग हलवून बघत, पुन्हा फिरत, पण प्रत्येक वेढा स्पीकरकडे थोडा सरकलेला असे. शेवटी त्या पोचल्या. सरळ नाहीच. फिरत फिरत, पण पोचल्या. मॅडम ती रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत गेल्या आणि म्हणाल्या, "शामराव, आज ही फरशी झाडू नका." रांगोळीतली ती आकृती वाऱ्यानं विस्कटेपर्यंत तशीच राहिली.

म्हणजे खोली राहिली, हे यावरून कळलंच असेल. ती कशी राहिली ते सांगायचं राहिलंय.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापू लागलं आणि अक्का चालेनाशा झाल्या. टेप तीच, खोली तीच, रांगोळी तशीच चाळलेली. वाटी उचलली की अक्का मिशा साफ करत, इकडे-तिकडे हिंडत आणि भिंतीला जाऊन बसत. गाण्याकडे जणू त्यांचं लक्षच नव्हतं. मॅडमना वाटलं सेल उतरले. सेल बदलले. स्पीकर बदलले. टेप झिजली म्हणून तिची दुसरी प्रत काढून आणली. मग त्यांना वाटलं, ही अक्कांची पुढची पिढी, डब्यात जन्मलेली, हिला गाणं माहीतच नसेल. म्हणून त्यांनी शामरावांना राधानगरीला पाठवून बाहेरच्या अक्का आणवल्या. त्याही भिंतीला जाऊन बसल्या.

"बाई, ह्या रुसल्यात," शामराव म्हणाले.

"कशावर रुसतील? काकडी देतोय, पीठ देतोय."

"तसं न्हवं. गाणं जुनं झालं आसंल. आमची मंडळी बी पिक्चरचं गाणं धा येळा लागलं की रेडू बंद करत्यात."

मॅडम हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. समिती येण्याच्या आदल्या दिवशी मी नेहमीच्या स्टुलावर बसले होते आणि त्या माझ्या शेजारी बसून एकेका डब्याची मलमल सोडून आत बघत होत्या, पुन्हा बांधत होत्या. त्या दिवशी त्यांच्या पदराला पिनही नव्हती. पदर सारखा घसरत होता आणि त्या तो सावरतही नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या न्हाणीत उभी होते. आमच्याकडे तेव्हा तांब्याचा बंब होता. त्याच्यामागे भिंतीच्या भेगेत एक रातकिडा राहायचा. तो काही मॅडमच्या गोकुळातला नव्हता, आमच्या घरचाच, मी लहान असल्यापासूनचा. तोच नसणार, पण त्याच्या जागेवर कुणी ना कुणी असायचंच. आईनं बंब पेटवला की तो गायला लागायचा. सुरुवातीला सावकाश, मग बंब तापेल तसा भरभर, आणि पाणी उकळायला आलं की इतका भरभर की ठोके एकमेकांना चिकटायचे. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पाणी तापलं की नाही हे बंबाला हात न लावता मी त्यावरून ओळखायची. आईला हे कधी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं.

त्या सकाळी तांब्या हातात धरून मी ऐकत राहिले. त्याचा वेग वाढत होता. राधानगरीच्या बांधावरचा तो आखडलेला, सुटा-सुटा आवाज मला आठवला. टेपमध्ये तो तसाच बंद होता. बाहेर कितीही ऊन असो, टेपमध्ये थंडीच. गाणारा तापला की भरभर गातो. मग ऐकणारीही तापली की तिला भरभर गाणंच ओळखू येत असेल तर? पत्र्याखाली तापलेल्या अक्कांना ते सावकाश गाणं आपल्या बुवांचं वाटतच नसेल तर?

मी कॉलेजात धावत गेले. मॅडम खोलीत होत्या, त्यांच्याभोवती शामराव, स्पीकर, वायरी. मी त्यांच्याजवळ गेले आणि नेहमीसारखं पुटपुटत सगळं सांगितलं. बंब, राधानगरी, पत्रा, सगळं. सांगून झाल्यावर लक्षात आलं की मी सवयीनं डाव्या बाजूला उभी होते. मॅडम फ्यूजची तार बघत होत्या. मी उजवीकडे जाणार तेवढ्यात दारातून सर आत आले, त्यांच्या मागे विद्यापीठाचे दोघे जण. मी भिंतीला सरकले.

खिडक्यांवर काळी कापडं ओढली होती. वरून पत्रा तापत होता आणि खोलीत रांगोळीचा, काकडीचा आणि तापल्या लोखंडाचा वास भरला होता. मॅडमनी पाहुण्यांना नळी, पडदा, पायातला कान, सगळं समजावलं. फार छान समजावलं. एका पाहुण्यांनी तर वाकून अक्कांच्या गुडघ्याकडे बघितलं. मग मॅडमनी टेप लावली आणि वाटी उचलली.

अक्का मिशा साफ करू लागल्या. मग भिंतीकडे गेल्या.

दुसऱ्या अक्का आणल्या. त्यांनी एक वळसा घेतला, सर्वांना क्षणभर आशा वाटली, आणि त्या दाराच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसल्या. शामरावांनी पुन्हा रांगोळी पसरली. तिसऱ्या अक्का वाटी उचलल्यावर हलल्याच नाहीत. टेपमधले बुवा गात होते, सावकाश, एकेक ठोका सुटा, आणि त्या गरम खोलीत ते गाणं दुसऱ्या कुठल्या तरी गावाहून येतंय असं वाटत होतं.

धाकटे पाहुणे फाइलीनं वारा घेत होते. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "मॅडम, हे असं का होतंय?"

मॅडम फरशीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. "थंडीत चालत होत्या," त्या म्हणाल्या. "आता का चालत नाहीत, मला माहीत नाही." त्यांनी काही बहाणा केला नाही. सेलवर, टेपवर, शामरावांवर, कशावरही ढकललं नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणाल्या आणि रांगोळीकडे बघत राहिल्या.

सरांनी घसा खाकरला. "ठीक आहे, मॅडम. पुढच्या वेळी बघू." त्यांनी दाराला हात लावला. पुढची वेळ नव्हती, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. थोरल्या पाहुण्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

मी मनात आधी इंग्रजीत एक वाक्य जुळवलं. ते नीट होतं, व्याकरणशुद्ध होतं, आणि त्या खोलीत त्याला काही अर्थ नव्हता. ते सोडून दिलं. माझा अंदाज चुकीचा असेल, आणि मग या सगळ्यांसमोर तो चुकीचा ठरेल, हेही दिसत होतं. पण मॅडम अजून खालीच बघत होत्या, आणि सरांनी कडी काढली होती.

"थांबा," मी म्हणाले.

माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. सरांनी आधी शामरावांकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. धाकटे पाहुणे खिडकीकडे वळले. वर्षभरात कुणी तो आवाज ऐकला नव्हता, त्यामुळे तो कुठून आला हे कुणालाच कळेना. मॅडमसुद्धा उभ्या राहून चहूकडे बघत होत्या.

मग मी भिंतीपासून सुटले, रांगोळीच्या कडेपर्यंत पुढे आले आणि हात वर केला, म्हणजे सगळ्यांना दिसावं.

"मी बोलतेय, मॅडम. टेपमधले बुवा थंडीत गायलेत आणि या अक्का उन्हानं तापल्यात, म्हणून त्यांना ते गाणं आपलं वाटत नाहीये. शामराव, पत्र्यावर ओली पोती टाका. सर, तोवर तुम्ही सगळे चहा घ्या. खोली गार झाली की मी पुन्हा टेप लावते. मग अक्का चालतील."